देवाच्या हाती स्वभाव सोपवताना: नव्या विश्वासणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

रविवारी बाप्तिस्मा होतो. पाळक डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, मंडळीतली माणसे हात हातात घेऊन अभिनंदन करतात, घरी गोडधोड होते. सोमवारी सकाळी नळाला पाणी येत नाही, मुलाच्या डब्याला उशीर होतो आणि तोंडातून तेच जुने शब्द त्याच जुन्या आवाजात बाहेर पडतात. मग मनात येते, काल सगळ्यांसमोर साक्ष दिली आणि आज हे काय?

हा प्रश्न ज्यांना पडला आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी लग्नानंतर, चांगली मोठी झाल्यावर विश्वासात आले. आता नाशिकला आमच्या घरी दर आठवड्याला प्रार्थना गट जमतो आणि त्यात नवीन माणसे येतच असतात. प्रत्येक जण साधारण एकाच ठिकाणी अडखळतो. त्यांना सांगितलेले असते, "प्रार्थना करा, वचन वाचा, देव बदलेल." यात खोटे काही नाही. पण सुरुवात कुठून करायची आणि वाटेत खड्डे कुठे आहेत, हे कोणी क्रमाने सांगत नाही. मी प्रोटेस्टंट मंडळीत जाते, म्हणून शब्द तिकडचे येतील. कॅथॉलिक वाचकांनाही यातले बहुतेक सगळे जसेच्या तसे लागू पडेल.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा

पहिली: स्वभाव सुधारला म्हणून देव तुम्हाला स्वीकारत नाही. इफिसकरांस पत्र २:८-१० पुन्हा वाचा. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, आणि ते देवाचे दान आहे. सत्कृत्ये त्यानंतर येतात. हा क्रम उलटा धरलात तर प्रत्येक चुकीनंतर तुम्हाला वाटेल की देवाने दार लावून घेतले. अशा भीतीखाली माणूस बदलत नाही, लपवायला शिकतो.

दुसरी: देव घडवतो म्हणजे आपण हात बांधून बसायचे असे नाही. फिलिप्पैकरांस पत्र २:१२-१३ मध्ये पौल दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो. आपले तारण भीत व कापत साधून घ्या, कारण इच्छा करणे आणि कृती करणे हे तुमच्या ठायी देवच घडवून आणतो. आपल्या वाट्याचे काम छोटे असते, पण ते आपल्यालाच करावे लागते. पुढच्या पायऱ्या म्हणजे तेवढे आपले काम.

१. जवळ काय काय ठेवायचे

खर्च फारसा नाही.

- पवित्र शास्त्राची छापील प्रत. बायबल सोसायटीची नेहमीची मराठी प्रत चालेल. तिची भाषा जड वाटली तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल शेजारी ठेवा. फोनमधले अ‍ॅप प्रवासात ठीक आहे, पण सकाळी छापील प्रतच बरी, कारण फोन हातात घेतला की आधी व्हॉट्सअ‍ॅप उघडले जाते.
- साधी शाळेची वही. महागडी डायरी घेऊ नका, तिच्यात खरे लिहायला हात धजावत नाही.
- वही ठेवायला अशी जागा, जिथे घरातले दुसरे कोणी ती उघडणार नाही.
- देणेकऱ्यांची यादी. कोणाकोणाचे पैसे, वस्तू किंवा माफी आपल्याकडे राहिली आहे त्यांची. ही आत्ताच अर्धीमुर्धी लिहून ठेवा, पाचव्या पायरीला लागेल.
- एक विश्वासू माणूस. हे सर्वांत अवघड, त्यावर स्वतंत्र लिहिले आहे.

२. एकच जागा निवडा, आणि ती घरच्यांना विचारून निवडा

नवा माणूस उत्साहात गलतीकरांस पत्र ५:२२-२३ उघडतो. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. मग सगळे गुण एकदम आणायला निघतो आणि पंधरवड्यात थकतो. तसे करू नका. पुढच्या काही महिन्यांसाठी स्वभावातला एकच कोपरा देवापुढे उघडा.

तो कोणता, हे आधी देवाला विचारा. स्तोत्र १३९ ची शेवटची दोन वचने हीच प्रार्थना आहे: देवा, माझी झडती घे, माझ्यात काही वाईट मार्ग आहे का ते पाहा. ती रोज करा, घाई करू नका. मग ज्यांच्यासोबत राहता त्यांना विचारा. नवरा, बायको, सासू, वयात आलेली मुले, दुकानात किंवा ऑफिसात शेजारी बसणारा माणूस. घरातले ख्रिस्ती नसतील तरी विचारा. त्यांना मंडळीचे संकोच नसतात, ते सरळ सांगतात.

प्रश्न नेमका असावा. "मी कशी आहे?" असे विचारले तर "चांगली आहेस की" एवढेच उत्तर मिळते. "माझ्या स्वभावातलं तुला सगळ्यांत जास्त काय बोचतं?" असे विचारा. आमच्या गटात एसटीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांनी सांगायला परवानगी दिली आहे म्हणून लिहिते. त्यांनी काकूंना हा प्रश्न विचारला. काकू भाजी निवडत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुमच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की पोरं टीव्हीचा आवाज कमी करतात." काकांना वाटत होते की आपला प्रश्न प्रार्थनेतल्या आळसाचा आहे.

इथे एकच नियम पाळा: उत्तर मिळाल्यावर स्पष्टीकरण द्यायचे नाही. "पण मी तसं का करतो माहीत आहे का..." हे वाक्य गिळा. धन्यवाद म्हणा आणि उठा. तिथे वाद घातलात तर तो माणूस पुन्हा कधी खरे सांगणार नाही.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. स्वभाव म्हटले की आपल्याला राग, शिवी, दारू, खोटे बोलणे एवढेच आठवते. पण ज्या सवयींना समाज नावे ठेवत नाही त्याही स्वभावातच येतात. मंडळीत पंगतीला शेजारी बसतो आणि मुलीचे स्थळ बघताना "आधीचे कोण?" असे, म्हणजे जात, हळूच विचारतो. हे आपल्यात चालते, सगळ्यांना माहीत आहे. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पेत्राचा प्रसंग आहे. अंत्युखियात तो परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमेकडची माणसे आल्यावर भीतीपोटी पंगतीतून मागे सरला. पौलाने त्याला सर्वांसमोर जाब विचारला. तेव्हा पेत्र नवखा नव्हता, मंडळीचा खांब मानला जात होता. झडती घ्यायला सांगताना देवाला घरातली ही खोलीही दाखवा.

३. वचन वाचा, पण थोडे आणि एका प्रश्नासह

वर्षात संपूर्ण बायबल वाचायचा तक्ता चांगला आहे, पण या कामासाठी तो उपयोगी नाही. एका वेळी दहा-बारा वचनेच वाचा. सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून करा. सोळाच अध्याय आहेत आणि येशू माणसांशी कसा वागतो हे त्यात जवळून दिसते. त्यानंतर कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय आणि मग याकोबाचे पत्र.

वाचताना एकच प्रश्न: मी निवडलेल्या जागेबद्दल हे वचन काय म्हणते? उत्तर वहीत एका ओळीत लिहा. दुसऱ्या ओळीत आजचे एक काम लिहा. "मी सहनशील होईन" हे काम नव्हे. "संध्याकाळी आई तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगेल तेव्हा मध्ये तोडणार नाही," हे काम.

कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय मुद्दाम सुचवते. पौल आधी सांगतो, राग, संताप, दुष्टपण, निंदा, शिवीगाळ टाकून द्या. मग सांगतो, करुणा, ममता, सौम्यता, नम्रता, सहनशीलता धारण करा. आणि लगेच पुढे बायका, नवरे, मुले, बाप, नोकर यांच्याकडे वळतो. बापांना तर बजावतो की मुलांना चिरडीस आणू नका. नुसते टाकून द्यायचे आणि रिकामे राहायचे असे तो कुठे म्हणत नाही, म्हणून वहीतही दोन रकाने करा: काय सोडतो आहे, आणि त्या जागी काय धरतो आहे. ओरडणे सोडायचे असेल तर त्या क्षणी काय करायचे हे आधी ठरलेले हवे. पाणी पिणे, खोलीबाहेर जाणे, "पाच मिनिटांनी बोलतो" म्हणणे, काहीही चालेल.

४. प्रार्थना नेमक्या वेळेला लावून घ्या

मार्क १:३५ मध्ये येशू पहाटेच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. आदल्या संध्याकाळी सगळे गाव दाराशी जमले होते, हे लक्षात घ्या. सकाळची वेळ अर्थातच हवी. पण आपला स्वभाव घसरतो तो ठरावीक वेळी. कोणाचा कामावरून घरी येताना, कोणाचा महिनाअखेरीला, कोणाचा रात्री एकटे असताना फोन हातात आल्यावर. ती वेळ शोधा आणि तिच्या जरा आधी छोटी प्रार्थना करा. काका जिना चढण्याआधी खाली गाडीजवळ उभे राहून म्हणतात, "प्रभू, माझ्या तोंडाला पहारा ठेव." ती स्तोत्र १४१:३ मधलीच विनंती आहे.

झोपण्याआधी दिवस मागे वळून पाहा. कॅथॉलिक परंपरेत याला आत्मपरीक्षण म्हणतात. इग्नाती लोयोला यांनी सोळाव्या शतकात याची नीट पद्धत घालून दिली. आधी आभार, मग दिवसाचे प्रसंग एकेक करून पाहणे, मग क्षमा, मग उद्यासाठी मदत. आभारांनी सुरुवात करायला विसरू नका, नाहीतर रोज रात्री नुसता स्वतःचा खटला चालतो.

५. माफी आणि भरपाई

बहुतेक लोक ही पायरी गाळतात, आणि माझ्या मते म्हणूनच अडकून राहतात. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणल्यावर आठवले, आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवा आणि आधी जाऊन समेट करा. जकातदार जक्कयाने (लूक १९) तर हिशोबच मांडला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत. येशूने त्याला कसलीही रक्कम सांगितली नव्हती.

माफी कशी मागायची ते शिकून घ्या. आपण सहसा असे म्हणतो:

"तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी."
"माझं चुकलं, पण तूही..."
"झालं गेलं गंगेला मिळालं, आता सोड ना."

या तिन्हींत चूक समोरच्याच्या गळ्यात जाते. काकांनी सुनेची माफी मागितली ती अशी: "सूनबाई, परवा पाहुण्यांसमोर मी तुझ्या माहेरावरून बोललो. ते चूक होतं. तुझा त्यात काही दोष नव्हता. पुन्हा असं बोलणार नाही, आणि बोललो तर तू मला तिथल्या तिथे थांबव." काय केले ते नाव घेऊन सांगितले, "पण" नाही, उलट मागणी नाही. सून काही न बोलता आत गेली. हेही स्वीकारायची तयारी ठेवा. माफी मागणे आपल्या हातात आहे. ती कधी द्यायची हे समोरचा ठरवतो. "बायबल सांगते क्षमा कर" असे त्याला ऐकवू नका.

भरपाईसाठी आता ती यादी काढा. उसने घेतलेले आणि सोयीस्कर विसरलेले पैसे. कामावर भरलेले जादा प्रवासभत्त्याचे बिल. भाडेकरूची न परत केलेली अनामत. भावाबहिणीचा दाबून ठेवलेला हिस्सा. एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवा, पण समोर जाऊन सांगा. ज्याची निंदा केली त्याच्याबद्दल, ज्यांच्यासमोर केली त्यांच्याकडे जाऊन दुरुस्ती करा.

एक खबरदारी. काही कबुल्यांनी समोरच्याचे नुकसान होते, किंवा त्यात कायदेशीर बाब असते. तिथे आधी पाळकांशी आणि गरज पडली तर वकिलाशी बोला. आपले मन हलके करण्यासाठी दुसऱ्याचे घर मोडायचे नाही.

६. एक माणूस निवडा

याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापे कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा असे सांगितले आहे. एकट्याने हे काम होत नाही, कारण स्वतःला फसवणे आपल्याला फार सहज जमते.

माणूस कसा असावा? स्त्रीसाठी स्त्री, पुरुषासाठी पुरुष. विश्वासात तुमच्यापेक्षा थोडा पुढे. तुमचे ऐकून हबकणार नाही आणि "चालायचंच" म्हणून उडवूनही लावणार नाही. आणि मुख्य म्हणजे पोटात ठेवणारा. मंडळीत चुगलीला एक सभ्य वाट मिळालेली आहे: "प्रार्थनेसाठी सांगते हं, दुसऱ्या कोणाला बोलू नका." जी व्यक्ती तुमच्यासमोर दुसऱ्यांचे "प्रार्थनेचे विषय" असे उलगडते, ती तुमचेही उलगडणार. तिला टाळा.

भेट आठवड्यातून एकदा, अर्धा तास पुरे. तीन गोष्टी बोला: या आठवड्यात काय जमले, कुठे पडलो, कोणाची माफी राहिली. मग प्रार्थना. चहा नंतर. आधी चहा घेतला की गप्पांतच वेळ जातो.

सावध कधी व्हायचे? कोणी म्हणाले, "देवाने मला तुझ्याबद्दल दाखवलं आहे, हे फक्त आपल्या दोघांत ठेव," तर. कोणी पैसे मागितले तर. कोणी तुम्हाला घरच्यांपासून, डॉक्टरांपासून किंवा पाळकांपासून तोडू लागले तर. अशा ठिकाणाहून उठून यायला संकोच करू नका.

७. छाटणीचे दिवस ओळखा

माझे माहेर दिंडोरी तालुक्यातले, घरची द्राक्षबाग. योहानाचा पंधरावा अध्याय मी विश्वासात आल्यावर पहिल्यांदा वाचला तेव्हा वडिलांची बाग डोळ्यांसमोर आली. "मी खरा द्राक्षवेल आहे, आणि माझा पिता माळी आहे." फळ न देणारा फाटा तो काढून टाकतो, आणि फळ देणाऱ्या फाट्याला अधिक फळ यावे म्हणून साफ करतो. म्हणजे कात्री फळ देणाऱ्यालाही लागते.

आमच्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. माल निघाल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि ऑक्टोबरच्या आसपास फळासाठीची गोडी बहार छाटणी. खरड छाटणीनंतर बाग बघवत नाही. कालपर्यंत हिरवागार असलेला मांडव उघडा पडतो, तारांवर नुसते ओलांडे, म्हणजे वेलीचे जाड आडवे फाटे, दिसतात, आणि खाली काड्यांचा ढीग. त्या हंगामात एकही घड यायचा नसतो. नवख्याला वाटते, बाग गेली. पण नंतर फुटणाऱ्या नव्या काडीच्या डोळ्यांत (कोंब फुटण्याच्या जागी), उन्हाळा-पावसाळ्याच्या त्या महिन्यांत, पुढच्या घडाची निर्मिती होते. बाहेरून काहीच दिसत नाही. ऑक्टोबरला छाटणी झाली की त्याच डोळ्यांतून घड बाहेर येतात. आणि खरड छाटणीनंतर वडील बाग सोडून जात नाहीत. पाणी, खत, फुटींची विरळणी, शेंडा मारणे. त्या बिनफळाच्या दिवसांत ते वेलीपाशीच असतात.

तुमच्याही आयुष्यात असे दिवस येतील. नोकरी जाते, आजारपण येते, मंडळीतली जबाबदारी काढून घेतली जाते, प्रार्थना कोरडी वाटते. रोमकरांस पत्र ५:३-४ मध्ये पौल क्रम सांगतो: संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. शील मधल्या जागी येते, संकट आणि धीर यांच्यानंतर. या दिवसांत नवे उपक्रम काढू नका. फाट्याला योहान १५:४ मध्ये एकच काम दिले आहे: वेलात राहणे. म्हणून वाचन थोडे असले तरी चालू ठेवा, उपासनेला जात राहा, प्रभुभोजन चुकवू नका, आणि आपल्या माणसाला सांगा की सध्या प्रार्थना सुचत नाही. त्याने तुमच्या वतीने करावी.

पण प्रत्येक दुःखाला छाटणी म्हणू नका, आणि दुसऱ्याच्या दुःखाला तर कधीच नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो.

आणि हे फार मोठ्याने सांगायचे आहे, विशेषतः बहिणींना: मारहाण ही देवाची छाटणी नाही. नवरा मारतो, सासरचे छळतात, आणि कोणी सांगते, "सहन कर, देव तुला घडवतो आहे." हे ऐकू नका. माळी देव आहे; मारणारा माणूस माळी नाही. घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ पासून आहे. महिला हेल्पलाइन १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२. आधी सुरक्षित ठिकाणी जा. तसेच आठवडेच्या आठवडे झोप नाही, जगावेसे वाटत नाही, असे असेल तर त्याला विश्वासाची कमतरता समजू नका, डॉक्टरांना भेटा. मानसिक आरोग्याच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. दारू किंवा दुसरे व्यसन असेल तर प्रार्थनेबरोबर व्यसनमुक्तीचे उपचारही घ्या. देव त्यांच्याही हातून काम करतो.

८. बदल होतो आहे हे कसे कळेल

स्वतःच्या भावनेवरून कळत नाही. उपासनेत डोळ्यांत पाणी येणे चांगले आहे, पण ती खूण नव्हे. खुणा साध्या असतात. चूक झाल्यावर ती मान्य करायला पूर्वी आठवडा लागायचा, आता संध्याकाळपर्यंत होते. कोणी पाहत नसताना वागणे तेच राहते. ज्याच्याकडून काही फायदा नाही अशा माणसाशी, भांडी घासणाऱ्या मावशींशी, सिग्नलला काच पुसणाऱ्या पोराशी बोलण्याचा सूर बदलतो. घरचे आपल्याशी वाद घालायला घाबरत नाहीत. काकांच्या घरी पोरांनी टीव्हीचा आवाज कमी करणे काही लगेच थांबले नाही. माफी मागून झाली, ओरडणे जवळपास बंद झाले, तरी कितीतरी महिने चपला वाजल्या की रिमोटकडे हात जायचाच. काकांना त्याचा त्रास व्हायचा. पण पोरांची भीती वर्षानुवर्षांची होती. ती जायला तेवढा वेळ देणे हाही काकांच्या सहनशीलतेचाच अभ्यास होता.

वेळ लागतो म्हणून खचू नका. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या काळात लक्ष्मीबाईंचे सोवळेओवळे आणि जातीचा कडक आचार कसा हळूहळू सुटत गेला, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, आणि पुढे त्यांनीच साक्ष दिली की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त सापडला तो काही वर्षांनंतर. एवढ्या थोर बायकांना वेळ लागला, तर आपल्यालाही लागेल.

दर तीन महिन्यांनी वही मागे चाळा आणि दुसऱ्या पायरीतला प्रश्न त्याच माणसांना पुन्हा विचारा. उत्तर बदलले असेल तर आभार माना आणि पुढचा कोपरा घ्या. तेच असेल तर तिथेच थांबा. या काळात इतरांना त्याच विषयावर उपदेश करायचा मोह होईल, तो आवरा. राग सोडून दोन महिने झालेला माणूस रागावर बोलायला उभा राहिला की घरचे खाली मान घालून बसतात.

९. पडलात तर

पडालच. प्रश्न आहे तो पुढच्या काही तासांचा.

पडल्यावर मनात दोन आवाज येतात. एक नेमके सांगतो: तू अमुक बोललास, जा, तिला भेट. दुसरा मोघम असतो: तू असाच, तुझ्याने काही होणार नाही, कशाला जातोस चर्चला. पहिला ऐका. २ करिंथकरांस पत्र ७:१० मध्ये पौल दोन प्रकारची दुःखे सांगतो. देवाला अनुसरून होणारे दुःख पश्चात्तापाकडे नेते, आणि जगाचे दुःख मरणाकडे. मोघम आवाज तुम्हाला देवापासून दूर पळवत असेल तर तो देवाचा नाही.

पेत्राने कोळशाच्या शेकोटीजवळ उभे राहून तीनदा प्रभूला नाकारले. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासे आहेत, आणि येशू आधी म्हणतो, या, न्याहारी करा. जेवण झाल्यावर तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस काय? आणि प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवतो: माझी मेंढरे चार. जाब आहे, पण आधी जेवू घातले आहे, आणि नंतर काढून टाकलेले नाही.

म्हणून पडल्याच्या दिवशीच हे करा. देवाजवळ नाव घेऊन कबूल करा. १ योहान १:९ तोंडपाठ असू द्या. ज्याचे मन दुखावले त्याच्याकडे झोपण्याआधी जा, किंवा फोन करा. मेसेज शक्यतो नको. आपल्या माणसाला कळवा, पुढच्या भेटीची वाट पाहू नका. वहीत काय घडले आणि त्याच्या आधी काय घडत होते ते लिहा: भूक, दमणूक, पैशाची चिंता, कोणाचे तरी टोचून बोलणे. चार-पाच नोंदी झाल्या की त्यातला सारखेपणा दिसू लागतो, आणि चौथ्या पायरीतली ती नेमकी वेळ आणखी स्पष्ट होते. तिथे प्रार्थना हलवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्काचा पहिला अध्याय पुन्हा उघडू नका. वहीत तारीख घाला आणि काल जिथे थांबला होतात तिथल्या पुढच्या वचनापासून वाचा.